अण्णांची रोजकीर्द

आमच्या सावेडीच्या घरात देवघराशेजारच्या फडताळात लाल कापडी बांधणीच्या एकवीस वह्या आहेत. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात असतात तसल्या, लांबट, जमा आणि नावे अशा दोन बाजू छापलेल्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या खात्यात कारकून म्हणून लागले आणि मुख्य लेखापाल म्हणून निवृत्त झाले. पण या वह्यांत कारखान्याच्या एका पैशाचाही हिशेब नाही. त्यांत माझ्या आईचे दिवस आहेत. १९८६ च्या दिवाळीनंतर सुरू केलेली ही रोजकीर्द अण्णांनी २०१७ साली डोळे मिटेपर्यंत लिहिली.

मी पेशानं शिक्षिका. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडी अजून नगरच येतं, आणि आमचं नगर म्हणजे सावेडी. १९८३ साली अण्णांनी गुलमोहर रोडच्या आतल्या गल्लीत प्लॉट घेतला तेव्हा नातेवाईक म्हणाले होते, दिल्ली गेटच्या बाहेर इतक्या लांब कोण राहायला जातं? गच्चीवर उभं राहिलं की ज्वारीच्या शेतांपलीकडे भिस्तबाग महाल उघडा दिसायचा. त्या मोकळ्या गल्लीत आईचा आजार पहिल्यांदा आला, आणि तो रांगोळीच्या रूपानं आला.

त्या दिवाळीत आई चार रात्री झोपली नाही. चाळीस घरांना पुरेल एवढा फराळ केला. रात्री दोन वाजता अंगणात सडा घातला, ठिपके मांडले, आणि रांगोळी काढत काढत ती फाटकाबाहेर पडली. पहाटे दूधवाला आला तेव्हा गल्लीच्या तोंडापर्यंत रांगोळी पोचली होती. बायका कौतुकानं बघायला जमल्या. मी चौदा वर्षांची होते, मलाही अभिमान वाटला. एकटे अण्णा पायरीवर बसून होते, डोक्याला हात लावून. पुढच्या आठवड्यात आईनं पितळेची भांडी रस्त्यावरच्या बायांना वाटून टाकली, कोणी अडवलं तर अंगावर धावून जाऊ लागली. आणि पौष लागला तशी ती भिंतीकडे तोंड करून निजली ती उठेचना. केसांच्या जटा झाल्या. ‘बाहेरचं आहे,’ असं घरातलीच माणसं म्हणाली. दोन गुरुवार तिला एका ठाण्यावर नेऊन बसवलं. तिसऱ्या गुरुवारी अण्णांनी माळीवाड्याच्या स्टँडवरून पुण्याची एसटी धरली.

त्या प्रवासाबद्दल लिहायलाच हवं. नगर ते पुणे सुमारे १२० किलोमीटर. सुपे, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली. वाघोली मागे पडली की आई बोलायची थांबायची. कारण पुण्यात शिरताना आधी येरवडा लागतं. आमच्याकडे ‘याला येरवड्याला धाडा’ हे भांडणात सहज फेकायचं वाक्य. तिथल्या मनोरुग्णालयानं शंभर वर्षांहून अधिक काळ किती निराधारांना आसरा दिला, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. आईला तेव्हा फक्त ते नाव ठाऊक होतं. कंडक्टरनं ‘येरवडाऽ’ अशी हाळी दिली की तिचा हात अण्णांच्या बाहीवर जायचा.

“अहो, इथं उतरायचंय का?”

“नाही. आपल्याला पुढं जायचंय.”

दर खेपेला हेच प्रश्नोत्तर. आमचे डॉक्टर शहरात होते, लहानशा दवाखान्यात बसायचे. आई कितीदा तरी तिथं जाऊन आली होती, तरी येरवडा आलं की विचारायचीच. आणि अण्णा एकदाही वैतागून उत्तर देताना मी ऐकलं नाही. सुट्टीत मी बरोबर असायचे, खिडकीपाशी. मला वाटतं, सेवा म्हणजे काय ते मी त्या बाकावर शिकले.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: कधी उन्माद, कधी खोल औदासीन्य, आळीपाळीनं येणारा आजार. आता सगळे त्याला बायपोलर म्हणतात. औषध होतं लिथियम. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी १९४९ साली त्याचा गुण जगापुढे मांडला. एक साधा क्षार, पण नाजूक. रक्तातलं त्याचं प्रमाण कमी पडलं तर उपयोग नाही, थोडं वाढलं तर विषबाधा. डॉक्टर अण्णांना म्हणाले, “गोळी मी देतो. वेळ तुम्ही सांभाळा. उठायची, जेवायची, झोपायची वेळ हलली की हा आजार हलतो. आणि त्यांचं पाणी-मीठ एकसारखं ठेवा.” दुसऱ्या कोणी मान डोलावली असती. अण्णा हिशेबनीस. त्यांनी परतीच्या वाटेवर वही विकत घेतली.

एक पान समोर ठेवते. ११ फेब्रुवारी १९८९, शनिवार. जमेच्या बाजूला: ‘५.४० उठली. ५.५५ दूधवाल्याशी बोलली. ७ स्वयंपाकाला लागली. दीड भाकरी, मेथी. पाणी ११ पेले. दोन वेळच्या गोळ्या दिल्या. ९.५० आडवी, १०.१५ डोळा लागला.’ नावे बाजूला: ‘दुपारी रडली, १० मिनिटं. कारण नाही.’ आणि तळाशी, कारखान्याच्या सवयीनं, ‘अखेरची शिल्लक: दिवस बरा.’

‘कारण नाही’ या दोन शब्दांवर मी पुष्कळदा थांबते. घरातलं माणूस रडायला लागलं की आपण कारण शोधतो, मग दोष शोधतो, आणि तो आपल्यावर येऊ नये म्हणून भांडतो. अण्णांनी कारण नाही असं लिहिलं आणि आईला रडू दिलं. नावे टाकलं ते तेवढ्या दहा मिनिटांना, आईला नव्हे.

त्या वहीनं आईचा जीव वाचवला ती गोष्ट १९९३ च्या मे महिन्यातली. नगरचा उन्हाळा, त्यात आईला जुलाब लागले. तिसऱ्या दिवशी तिच्या हातातला कप ताटलीवर वाजायला लागला, चहा सांडला. जीभ जड झाली, चालताना तोल जायला लागला. शेजारी म्हणाले, उष्माघात असेल. अण्णांनी वही काखोटीला मारली आणि प्रोफेसर कॉलनी चौकातल्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथकडे धावत सुटले. मी मागोमाग. काचेच्या त्या खुराड्यात उभं राहून त्यांनी पुण्याच्या डॉक्टरांना वही वाचून दाखवली: पाणी मंगळवारी १२ पेले, बुधवारी ७, गुरुवारी ५. जुलाब चार, सहा, सहा. जेवण नाही. गोळ्या मात्र तिन्ही दिवस पूर्ण. समोर मीटरचे लाल आकडे पळत होते. डॉक्टरांनी तिथून सांगितलं, गोळी ताबडतोब बंद, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, सलाइन लावा, रक्तातलं लिथियम तपासायला पाठवा. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड मिठाबरोबर लिथियमही धरून ठेवतं. तेच झालं होतं. आई सहा दिवसांनी घरी आली.

आज टेलिमेडिसिन, डिजिटल मानसोपचार असे शब्द कानावर येतात तेव्हा मला तो पिवळा बूथ आठवतो. तार होती, पलीकडे जाणता माणूस होता. पण तारेवरून पाठवायला अण्णांकडे तीन दिवसांचं पाणी मोजलेलं होतं, म्हणून ती तार कामाला आली.

पुढे कितीतरी वर्षांनी एका प्रशिक्षणात मला कळलं, की अण्णा जे करत होते त्याला शास्त्रात नाव आहे. अमेरिकेत पिट्सबर्गमध्ये एलन फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजारासाठी दिनक्रमाच्या लयीवर बांधलेली उपचारपद्धती तयार केली. तिच्यात रुग्णानं रोज पाच वेळा टिपायच्या असतात: अंथरूण सोडण्याची, पहिल्या माणसाशी बोलण्याची, कामाला लागण्याची, रात्रीच्या जेवणाची आणि निजण्याची. २००५ साली १७५ रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजाराच्या जोरात ज्यांना ही लय शिकवली, त्यांना पुढचा झटका येईपर्यंत अधिक काळ मिळाला. मी घरी येऊन १९८९ ची वही काढली. ‘५.५५ दूधवाल्याशी बोलली.’ पहिल्या माणसाशी बोलण्याची वेळ! ती टिपायला अण्णांना कोणी सांगितलं होतं, कोण जाणे. बहुधा आई आज बोलतेय ना, याचीच ते रोज पहाटे वाट बघत असतील.

२००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ आला. स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण. आजार वेगळा, पण घर आमचंच. सिनेमा संपल्यावर अण्णा बराच वेळ खुर्चीतून उठले नाहीत. मला वाटलं, त्यांना आईची आठवण आली असावी. त्यांना बहिणीच्या जागी स्वतः दिसले असतील, हे मला तेव्हा सुचलं नाही. त्या न सुचण्याची टोचणी अजून आहे.

आणखी एक ऋण शिंगव्याचं. नगरजवळच्या शिंगवे नाईक इथं डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं माउली सेवा प्रतिष्ठान आहे. या जोडप्यानं रस्त्यावर सोडून दिलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना घर दिलंय. सुरुवात झाली ती घरून डबे करून रस्त्यावरच्या माणसांना जेवू घालण्यापासून. शाळेतर्फे आम्ही तिथं गेलो, तेव्हा एक बाई अंगणात बसून बोटानं धुळीत ठिपके मांडत होती. मी तिच्याजवळ बसले आणि मला हुंदका आवरेना. तिलाही कधीतरी एक गल्ली असेल, दिवाळी असेल. माझी आई आणि ती बाई यांच्यामध्ये अंतर होतं ते अण्णांचं. आजारानं दोघींत काहीच फरक केला नव्हता. ज्यांचे अण्णा सुटले किंवा मुळात नव्हतेच, त्यांच्यासाठी धामणे दांपत्य ती वही लिहीत आलं आहे, एवढंच मला म्हणता येईल.

अण्णा गेले तेव्हा एकविसावी वही अर्धी कोरी होती. माझ्या यजमानांची नोकरी नागापूरच्या एमआयडीसीत, त्यामुळे लग्नानंतरही मी सावेडीतच. आम्ही आईकडे राहायला आलो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच पानावर मी लिहू लागले.

मग आला २०२० चा मार्च. टाळेबंदी. आईच्या गोळ्या दहा दिवसांच्या उरलेल्या, पुण्याची एसटी बंद. आमचे जुने डॉक्टर निवृत्त झाले होते, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एक तरुण डॉक्टर आता आईला बघत. टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, २५ मार्चला, केंद्र सरकारनं टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि डॉक्टरांना फोनवरून, व्हिडिओवरून तपासायला रीतसर वाट मोकळी झाली. डॉक्टरताईंचा निरोप आला, उद्या अकरा वाजता व्हिडिओवर भेटू.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर आईला बसवलं. मोबाइल उभा राहीना, सारखा घसरत होता. शेवटी मी त्याच्यामागे अण्णांची वही उभी केली. त्या वहीला टेकून फोन स्थिर झाला आणि पडद्यावर डॉक्टरताई दिसल्या. आईनं पदर सारखा केला, हात जोडले. झोप, जेवण, पाणी, हाताची थरथर, सगळं विचारून झालं. ताई म्हणाल्या, “आजी, दुसऱ्या कुठल्या गोळ्या घेता का? मला दाखवा बरं.” आई उठली आणि उशीखालून गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टी घेऊन आली. कधीपासून घेत होती, मला पत्ताच नव्हता. पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली, ताईंनी नाव वाचलं आणि ती गोळी तिथल्या तिथं थांबवली. तसल्या वेदनाशामकांनी रक्तातलं लिथियम वाढतं. दवाखान्यात ती पट्टी कधी पोचलीच नसती, कारण ती घरी उशीखाली असायची. औषधांची चिठ्ठी व्हॉट्सॲपवर आली, पाइपलाइन रोडवरच्या औषधवाल्यानं ती मान्य केली. रक्त मात्र पडद्यातून काढता येत नाही. त्यासाठी लॅबमधला एक तरुण त्या दिवसांतही स्कूटरवर फाटकाशी आला. त्याचंही ऋण वहीत नोंदलेलं आहे.

फोन बंद झाला. आई थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “झालं पण? आज येरवडा लागलंच नाही की गं.”

तेहतीस वर्षं ती दर खेपेला त्या नावापाशी मरून पुन्हा जिवंत होत आली होती. त्या दिवशी ते वाटेतून नाहीसं झालं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली देशातल्या बारा राज्यांत झालं. त्यात आढळलं, की वेगवेगळ्या मानसिक आजारांतल्या सत्तर ते ब्याण्णव टक्के लोकांपर्यंत उपचारच पोचत नाहीत. डॉक्टर कमी, हे खरंच. पण रजा, तिकीट, दिवसभराचा खाडा आणि वाटेत लागणारं एखादं नाव, यांनीही माणसं घरीच थांबतात. त्या छोट्या पडद्यानं आमच्या वाटेवरचं नाव पुसलं, म्हणून मी त्याची ऋणी आहे.

त्याच भेटीत शेवटी डॉक्टरताईंनी मला विचारलं होतं, “आणि तुम्ही कशा आहात?” मी म्हटलं, “मी बरी आहे.” ते खोटं होतं, हे मला कळायला अडीच वर्षं लागली.

आई २०२१ च्या डिसेंबरात झोपेतच गेली. वही तिथं थांबली. सगळे म्हणाले, सुटली, तूही सुटलीस. आणि मी आतून विझत गेले. पहाटे तीनला जाग, मग छताकडे बघत राहणं. वर्गात खडू हातात घेऊन काय लिहायचं होतं ते आठवायचं नाही. जेवणाची चव गेली. इतकी वर्षं हा आजार जवळून बघितला, पण आपल्या घरात रुग्ण म्हणजे आई, हे मनात इतकं पक्कं होतं की माझ्याकडे बघायला मला जागाच नव्हती. एक ॲप घेऊन पाहिलं. ते इंग्रजीत विचारायचं, आज मूड कसा आहे, आणि पाच चेहरे दाखवायचं. माझी अवस्था त्यातल्या एकाही चेहऱ्यात बसेना. चार दिवसांत काढून टाकलं.

२०२२ च्या १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र सरकारची टेलिमानस सेवा सुरू झाली. १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही. मी दहावीच्या वर्गात तो क्रमांक फळ्यावर लिहिला, मुलांना वहीत उतरवून घ्यायला लावला. पुढे जानेवारीतल्या एका रात्री, घरात सगळे झोपलेले असताना, गच्चीवर शाल गुंडाळून मी स्वतः तो फिरवला.

पलीकडे एक बाई होत्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “आत्ता जिथं आहात तिथं मोकळेपणी बोलता येईल ना?” मी कठड्यापासून दूर, पाण्याच्या टाकीला टेकून बसले. त्यांनी घाई केली नाही. मग सरळ विचारलं, “जगू नये असं वाटतं का?” इतक्या स्वच्छ मराठीत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “मरावंसं वाटत नाही. पण उद्या उठूच नये असं वाटतं.” त्या म्हणाल्या, “हे सांगितलंत, बरं केलंत.” कितीतरी वेळ बोलत होतो. उद्या कोणाला भेटायचं, ते माझ्याच तोंडून ठरवून घेतलं. खाली घरात कोण आहे ते विचारलं आणि यजमानांना उठवायला लावलं. त्यांचं नाव मला ठाऊक नाही, आवाज मात्र गर्दीतही ओळखेन.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरताई पुन्हा पडद्यावर. या वेळी रुग्ण मी. गोळ्या सुरू झाल्या. शिवाय उठायची वेळ एकच, दुपारची झोप बंद, फोन निजायच्या खोलीबाहेर, आणि सकाळी अर्धा तास चालणं. मी म्हटलं, चालून काय होणार? त्या म्हणाल्या, “तुमच्या आईंच्या आजारात चालणं लिथियमची जागा घेऊ शकलं नसतं. तुमच्या आजारात ते गोळीच्या बरोबरीनं हात देतं.” पुढे २०२४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २१८ अभ्यास आणि १४,१७० माणसांचा एकत्रित आढावा आला. नैराश्यात चालणं, धावणं, योग, ताकदीचे व्यायाम यांचा उपयोग होतो असंच तो सांगतो. त्या दिवशी मात्र मला पुराव्यापेक्षा मोठी अडचण होती: अंथरुणातून पाय खाली टेकवायचा कसा?

ती अडचण समोरच्या वहिनींनी सोडवली. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या सकाळी सहाला फाटकाची कडी वाजली. “अगं, काय करू राहिली आत? चपला घाल.” मी म्हटलं, बरं नाही. “बरं नाही म्हणूनच आलेय. चपला घाल.” त्या दिवशी आम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, जिथपर्यंत आईची रांगोळी गेली होती. आठवड्यानं गुलमोहर रोडपर्यंत. महिन्यानं भिस्तबागेच्या बाजूला. पहिले दोन आठवडे मी एक शब्द बोलले नाही. वहिनी वालाच्या शेंगांचा भाव, सुनेचं बाळंतपण, नळाची वेळ असं काहीबाही बोलत चालत राहिल्या. चार महिन्यांत त्यांनी एकदाही विचारलं नाही, तुला झालंय काय?

शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेनं अशी सोबत शिस्तीनं उभी केली. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टरकीची पदवी नसलेल्या पण नीट शिकवलेल्या स्थानिक समुपदेशकांनी उदास माणसांबरोबर सहा-आठ बैठका घेतल्या. कशानं जरा बरं वाटतं ते शोधायचं, त्याची वेळ ठरवायची, केलं की नोंद करायची. ४९५ जणांच्या या अभ्यासात, ज्यांना ही सोबत मिळाली त्यांच्यातले अधिक जण सावरले. २०१७ साली ‘लॅन्सेट’नं तो छापला. आमच्या वहिनींनी त्यातलं काही वाचलेलं नाही. पण मी ते वाचताना मला फाटकाची कडीच ऐकू येत होती.

डॉक्टरताईंनी आणखी एक विचारलं होतं, “ती वही आहे ना घरात? आता तुमचं लिहा.” कसं लिहायचं ते बघायला म्हणून मी अण्णांच्या वह्या काढल्या. दुपार होती, खिडकीतून ऊन तिरपं पानावर पडलं होतं. आणि त्या उन्हात मला नावे बाजूच्या अगदी तळाशी, शिवणीजवळ, शिसपेन्सिलीची एक पुसट खूण दिसली. ‘मी ४.’ पान उलटलं. ‘मी ३.’ पुढे, ‘मी ३.’ १९९३ च्या मे महिन्यात सहा दिवस ओळीनं, ‘मी १.’ ‘मी २.’

ते त्यांच्या झोपेचे तास होते. एकवीस वह्यांत, जवळजवळ प्रत्येक पानावर. आईचं सगळं शाईनं, स्वतःचं पेन्सिलीनं, कुणाच्या नजरेला पडू नये इतकं बारीक. आईच्या झोपेची महिनाअखेर बेरीज आहे, सरासरी आहे. या आकड्यांची बेरीज कुठंच नाही. इतकी वर्षं मी त्या वह्या हाताळत होते, शेवटची चार वर्षं त्यांतच लिहीत होते, आणि मला ते दिसलं नव्हतं. त्यांना तरी कोणी विचारलं होतं, ‘आणि तुम्ही कसे आहात?’ मीही नाही. मी त्या दुपारी बसून पहिल्या वहीपासूनची बेरीज करायला घेतली. संध्याकाळपर्यंत तीन वर्षं झाली, मग रडू आवरलं नाही. ‘कारण नाही’ असं मात्र त्या दिवशी मला लिहिता आलं नाही.

मग मी नवीन पानावर रेघा आखल्या. उठणं, पहिलं बोलणं, चालणं, जेवण, झोप. सगळं शाईनं.

मी सावरले. गोळ्या वर्षभरानं, ताईंच्या सांगण्यावरून, हळूहळू कमी करत थांबल्या. वहिनी अजून सहाला येतात. गच्चीवरची खोली आता मी रिकामी ठेवते. आमच्या भागात दोन खोल्यांत सहा माणसं असलेली घरं कमी नाहीत. तिथं डॉक्टर पडद्यावर आले तरी बोलायला दार लावता येत नाही, आणि पुष्कळदा फोनही बाईचा स्वतःचा नसतो. म्हणून कोणी दुपारी येतं, माझ्या खोलीत बसून डॉक्टरांशी, समुपदेशकांशी बोलतं, जाताना चहा घेतं. फोन उभा करायला तिथं अण्णांची वही ठेवलेली आहे.

मागच्या महिन्यात एक मुलगी वडिलांना घेऊन आली, कॉलेजात शिकणारी. वडील आत बोलत होते. ती बाहेर पायरीवर बसून होती, डोक्याला हात लावून. मी तिच्याशेजारी बसले. तिनं आपणहून सांगितलं, बाबा काल पाच तास झोपले, परवा चार, गोळ्या वेळेवर घेतात, सगळं मोबाइलमध्ये लिहून ठेवते.

“आणि तू किती झोपलीस?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “ते मोजलं नाही.”

मी आत जाऊन एक कोरी वही आणली. तिच्यासमोर रेघा आखल्या आणि पहिल्या रकान्याच्या डोक्यावर, ठळक शाईत, लिहिलं: मी.